नाव टाइप केल्यावर प्रोग्राम नेमका कुठून सापडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज लॅपटॉपवर नवीन जावा आणि पायथन घेतलं, दोन्हींच्या फाइली फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसतात. तरी कमांड प्रॉम्प्टवर 'पायथन' टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. 'जावा'ला आवृत्ती विचारली तर जुनी ८ सांगते. जावाचा कंपायलर 'जावासी' टाकला तर 'इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड' असा संदेश येतो. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सवर स्वतःचा सी प्रोग्राम 'टेस्ट' या नावाने तयार केला, तर तो चालवल्यावर काहीच छापत नाही, चूकही दाखवत नाही. या सगळ्यांमागचं कारण एकच आहे का?

हो, मुळात एकच. नाव टाइप केल्यावर संगणक डिस्कभर फिरून प्रोग्राम शोधत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक छोटी, क्रम ठरलेली यादी असते. पहिल्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल आहे का ते तो पाहतो, नसेल तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे शोध संपतो. पुढच्या फोल्डरमध्ये कितीही नवी प्रत असो, तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं जात नाही. घराबाहेर पडताना आपण चावीसाठी दाराजवळच्या ठरलेल्या दोन-तीन खुंट्या बघतो, कपाटं उपसत बसत नाही, तसंच हे. या यादीला पाथ म्हणतात.

मी बरीच वर्षं सर्व्हर सांभाळतो. 'प्रोग्राम सापडत नाही' किंवा 'भलताच प्रोग्राम चालतो' अशी तक्रार आली की मी आधी तीन गोष्टी विचारतो: शोधणारा कोण आहे, त्याच्या हातात कोणती यादी आहे, आणि यादीकडे वळण्याआधी त्याने आणखी कुठे पाहिलं. या तिन्हींची उत्तरं मिळाली की गूढ उरत नाही. (कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती रोमन लिपीतच टाकायची.)

शोधणाऱ्यापासून सुरुवात करू, कारण इथेच सगळ्यात मोठा गैरसमज असतो. आपण म्हणतो 'लिनक्स प्रोग्राम शोधतं'. प्रत्यक्षात लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, पाथ नावाची गोष्टच माहीत नाही. प्रोग्राम सुरू करण्यासाठी कर्नलकडे 'एक्झेकव्हीई' नावाचं एक आवाहन असतं आणि त्याला नेमकी फाइल सांगावी लागते: '/यूएसआर/बिन/एलएस' अशी. नुसतं 'एलएस' म्हटलं तर कर्नल चालू फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल बघेल आणि नसेल तर सरळ नाही म्हणेल. नावापासून पूर्ण पत्त्यापर्यंतचं काम शेल करतो, म्हणजे बॅश, झेडशेल, विंडोजवर सीएमडी किंवा पॉवरशेल. शेल हाही एक साधा प्रोग्रामच आहे. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला, समजा एडिटरला किंवा पायथनच्या स्क्रिप्टला, कमांड चालवायची असेल तर तो हेच काम स्वतः करतो किंवा सी लायब्ररीतल्या 'एक्झेकव्हीपी' या फंक्शनकडून करून घेतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर उबुंटूवर 'एसट्रेस एन्व्ह एलएस' चालवा. (एन्व्ह हा पुढे दिलेलं नाव शोधून चालवणारा छोटा प्रोग्राम.) एसट्रेस हे साधन प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातला सगळा संवाद छापतं. काही ओळींनंतर दिसेल: '/यूएसआर/लोकल/एसबिन/एलएस' नाही, '/यूएसआर/लोकल/बिन/एलएस' नाही, '/यूएसआर/एसबिन/एलएस' नाही, '/यूएसआर/बिन/एलएस' सापडली. चार वेळा दार वाजवलं, चौथं उघडलं. पाथची सगळी जादू एवढीच आहे, आणि विद्यार्थ्यांना ती या चार ओळींतून जितकी लवकर कळते तितकी दुसऱ्या कशानेही कळत नाही असा माझा अनुभव आहे.

नावात कुठेही स्लॅश असेल तर मात्र हा शोध होतच नाही. 'टिंब-स्लॅश-टेस्ट' याचा अर्थ 'याच फोल्डरमधली टेस्ट ही फाइल', बाकी कुठे बघायचं नाही. युनिक्सच्या जगात स्वतःचा प्रोग्राम चालवताना पुढे टिंब आणि स्लॅश का लावतात, त्याचं कारण हे.

आता टेस्टचं कोडं. बॅश पाथच्या यादीकडे सगळ्यात शेवटी वळतो. ओळ वाचतानाच तो बघतो की हे नाव एखादं उपनाव, म्हणजे एलियस, आहे का. उबुंटूवर 'एलएस' टाकल्यावर रंगीत नावं दिसतात ती अशा एलियसमुळेच. मग तो 'इफ', 'फॉर' यांसारखे भाषेचे राखीव शब्द तपासतो. त्यानंतर शेलमध्ये कुणी त्या नावाचं फंक्शन लिहून ठेवलंय का, आणि त्यानंतर शेलच्या पोटातच असलेली बिल्ट-इन कमांड आहे का. यातलं काहीच नसेल तर पाथ. 'टेस्ट' ही बॅशची बिल्ट-इन कमांड आहे. ती अट खरी की खोटी एवढंच तपासते, पडद्यावर काही छापत नाही. तुम्ही 'टेस्ट' टाकलंत, बॅशने आपली स्वतःची टेस्ट चालवली, तिला तपासायला काही दिलेलं नव्हतं म्हणून ती 'खोटं' असं उत्तर ठेवून गुपचूप संपली. तुमच्या फाइलपर्यंत कुणी पोचलंच नाही. ती फाइल पाथमधल्या पहिल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली असती तरी हेच झालं असतं. 'टिंब-स्लॅश-टेस्ट' टाका, प्रोग्राम चालेल. त्याहून बरं म्हणजे प्रोग्रामला टेस्ट हे नावच देऊ नका.

काही कमांड शेलच्या पोटात असाव्याच लागतात. 'सीडी' घ्या. ती वेगळा प्रोग्राम असती तर त्या प्रोग्रामने स्वतःचं चालू फोल्डर बदललं असतं आणि तो संपला असता, तुमचा शेल जिथल्या तिथेच राहिला असता. एका प्रक्रियेला आपल्या पालक प्रक्रियेचं फोल्डर बदलता येत नाही. 'एको' किंवा 'टेस्ट' पोटात आहेत त्या मुख्यतः वेगासाठी. त्यांच्या वेगळ्या फाइलीही डिस्कवर असतात, आणि दोघांचं वागणं बारीकसारीक बाबतीत वेगळं असू शकतं.

म्हणून लिनक्सवर 'हे नाव कुठून येतंय' असं विचारायचं असेल तर 'विच' वापरू नका, 'टाइप -ए' वापरा. 'विच' ही सहसा बाहेरची फाइल असते. तिला तुमच्या शेलमधली फंक्शनं आणि बिल्ट-इन दिसत नाहीत, ती फक्त पाथ चाळते आणि बिनदिक्कत चुकीचं उत्तर देते. 'टाइप' ही शेलचीच कमांड असल्यामुळे शेल खरोखर काय करणार आहे ते सांगते, आणि '-ए' लावलं की त्या नावाचे सगळे दावेदार क्रमाने छापते. स्क्रिप्टमध्ये तपासायचं असेल तर 'कमांड -व्ही' वापरा, ती पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या सामाईक मानकात आहे, त्यामुळे ते मानक पाळणाऱ्या सगळ्या शेलमध्ये चालते.

आणखी एक थांबा मध्ये आहे, आणि अनुभवी लोकही त्यावर अडखळतात. बॅश प्रत्येक वेळी सगळी यादी चाळत नाही. एकदा सापडलेला पत्ता तो आपल्या हॅश तक्त्यात लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी थेट तिथे जातो. समजा तुम्ही '/यूएसआर/बिन'मधला एक प्रोग्राम वापरला, मग त्याच टर्मिनलमध्ये नवी आवृत्ती '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये बसवली. यादीत लोकल आधी येतं, तरी जुनाच प्रोग्राम चालत राहील. जुना काढून टाकला असेल तर त्याहून विचित्र: नवा समोर असूनही 'नो सच फाइल' असा संदेश, आणि त्यात जुना पत्ता. 'हॅश -आर' टाकलं की तक्ता पुसला जातो. नवीन टर्मिनल उघडलं तरी तेच होतं, म्हणून लोक 'बंद करून चालू केलं आणि नीट झालं' म्हणतात आणि कारण कळायचं राहून जातं.

ही यादी मुळात आली कुठून, हेही पाहण्यासारखं आहे, कारण आजच्या पाथमधल्या फोल्डरांची नावं त्या इतिहासाशिवाय समजत नाहीत. बेल लॅब्समध्ये युनिक्स घडत होतं तेव्हाच्या सुरुवातीच्या शेलमध्ये यादी नव्हतीच. शेल आधी चालू फोल्डर बघायचा, नाही सापडलं तर नावापुढे '/बिन/' जोडून बघायचा, आणि पुढे त्यात '/यूएसआर/बिन'ची भर पडली. ही '/यूएसआर' मुळात वापरकर्त्यांच्या घरांची जागा. पहिली डिस्क भरली तेव्हा जास्तीचे प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे '/यूएसआर'मध्ये, ठेवले गेले. जागेच्या अडचणीतून झालेली ही विभागणी पुढे कित्येक दशकं टिकली. फेडोराने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत '/बिन' आणि '/यूएसआर/बिन' एक केले, आणि डेबियनने हे काम २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत पूर्णत्वाला नेलं. आज बहुतेक लिनक्सवर '/बिन' ही '/यूएसआर/बिन'कडे बोट दाखवणारी नुसती खूण आहे.

शेलमध्ये कोरलेला हा क्रम बाहेर काढून वापरकर्त्याच्या हातात देण्याचं काम १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये झालं. स्टीव्हन बोर्न यांचा शेल आणि एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला सोबत मिळणारी नाव दिलेली माहिती, ही कल्पना दोन्ही त्यातच आले. पाथ हा तेव्हापासून कुणालाही बदलता येणारा एक साधा मजकूर झाला, फोल्डरांची नावं विसर्गचिन्हासारख्या कोलनने वेगळी केलेली. एमएस-डॉसने १९८३ च्या २.० आवृत्तीत उपफोल्डर आणले आणि पाथही आणला. डॉसमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापुढे कोलन येतो, म्हणून तिथे वेगळं करणारं चिन्ह सेमीकोलन झालं. विंडोज अजून तेच वापरतं.

सातव्या आवृत्तीतल्या मूळ पाथची सुरुवातच कोलनने होत असे. कोलनच्या आधी काहीच नाही, आणि रिकाम्या जागेचा अर्थ होतो 'चालू फोल्डर'. हा नियम आजही जिवंत आहे. पाथच्या सुरुवातीला किंवा शेवटी चुकून कोलन राहिला, किंवा मध्ये दोन कोलन लागोपाठ पडले, तर चालू फोल्डर नकळत यादीत शिरतं. यात धोका खरा आहे. अनेकांना लिहिता येईल अशा फोल्डरमध्ये, समजा '/टीएमपी'मध्ये, कुणी 'एलएस' नावाची घातक फाइल ठेवली आणि प्रशासकाने तिथे जाऊन 'एलएस' टाकलं, तर ती फाइल प्रशासकाच्या अधिकारात चालेल. चालू फोल्डर यादीच्या शेवटी ठेवलं तरी संकट टळत नाही, कारण लोक टाइप करताना चुकतात आणि 'एसएल' नावाची फाइल तिथे वाट पाहत असू शकते. म्हणूनच युनिक्सच्या जगाने चालू फोल्डर यादीतून बाहेर काढलं. विंडोजचा सीएमडी मात्र आजही आधी चालू फोल्डर बघतो. पॉवरशेल बघत नाही, तिथे 'टिंब-बॅकस्लॅश' लावावं लागतं. गो भाषेनेही २०२२ च्या १.१९ आवृत्तीपासून चालू फोल्डरमध्ये सापडलेला प्रोग्राम नुसत्या नावावर चालवायला नकार द्यायला सुरुवात केली. जुन्या सवयी मोडतात म्हणून लोक कुरकुरले असतील, पण हा निर्णय योग्य आहे असं मला ठामपणे वाटतं.

आता 'फाइल आहे, पाथमध्येही आहे, तरी चालत नाही' या प्रकाराकडे. इथे शोध यशस्वी झालेला असतो, अडचण त्यापुढची असते. बॅशकडून कमांड सापडलीच नाही तर निकालाचा आकडा १२७ येतो, सापडली पण चालवता आली नाही तर १२६. स्क्रिप्टमध्ये हा फरक तपासत चला. १२६ दिसला तर सहसा फाइलला चालवण्याची परवानगी दिलेली नसते, 'सीएचमॉड' करून ती द्यावी लागते.

फाइल कर्नलच्या हातात पडली की तो तिची सुरुवातीची अक्षरं वाचतो. 'ईएलएफ' ही खूण असेल तर तो यंत्रभाषेतला प्रोग्राम. हॅशचं चिन्ह (#) आणि उद्गारचिन्ह असेल तर ती स्क्रिप्ट, आणि त्यापुढे लिहिलेला प्रोग्राम ती वाचायला बोलवायचा. ही सोय डेनिस रिची यांनी १९८० च्या जानेवारीत आणली. या ओळीत पूर्ण पत्ताच लागतो, कारण इथे काम कर्नल करतो आणि कर्नलला पाथ माहीत नाही. मग '/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३' असं का लिहितात? कारण कर्नल एन्व्हला चालवतो, आणि एन्व्ह पाथ चाळून पायथन३ शोधतो. आडवळणाची पण कामाची युक्ती.

याच ओळीतून एक त्रासदायक चूक निघते. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं 'कॅरेज रिटर्न' अक्षर येतं. कर्नल त्यासकट नाव वाचतो आणि शेपटीला ते अक्षर लागलेला 'पायथन३' कुठेच नसतो. संदेश येतो 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', आणि माणूस समोर दिसणाऱ्या स्क्रिप्टकडे बघत राहतो. नाहीशी असलेली गोष्ट स्क्रिप्ट नसून तिचा वाचक आहे. 'डॉसटूयुनिक्स' चालवलं की सुटतं.

विंडोजची रीत याच तत्त्वावर आहे पण थर जास्त आहेत. तुम्हाला आलेल्या संदेशातच अर्धं उत्तर आहे: इंटर्नल म्हणजे सीएमडीच्या पोटातली, जशी 'डीआयआर' किंवा 'कॉपी', आणि एक्स्टर्नल म्हणजे डिस्कवरची फाइल. दोन्हीकडे बघून झालं, नाही सापडलं. विंडोजमध्ये फाइलच्या नावाला शेपूट लागतं आणि आपण ते टाइप करत नाही, म्हणून पाथएक्स्ट नावाची दुसरी यादी असते: आधी डॉट कॉम, मग डॉट ईएक्सई, मग बॅट, मग सीएमडी, आणि पुढे आणखी काही. प्रत्येक फोल्डरमध्ये ही सगळी शेपटं क्रमाने लावून पाहिली जातात. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाची बॅट आणि ईएक्सई असतील तर ईएक्सई जिंकते.

पाथही एक नसून दोन आहेत, सिस्टिमचा आणि वापरकर्त्याचा. विंडोज दोन्ही जोडतं आणि सिस्टिमचा पुढे ठेवतं. तुमच्या जावाचं दुखणं इथे आहे. ओरॅकलचा जावा ८ चा इन्स्टॉलर 'जावापाथ' नावाचं एक फोल्डर सिस्टिम पाथच्या अगदी सुरुवातीला घालतो. त्यात 'जावा' आहे, पण 'जावासी' नाही. नवीन जेडीके, म्हणजे कंपायलरसकटचं जावा, तुम्ही झिप उघडून ठेवलं असेल तर ते पाथमध्ये आलेलंच नाही, आणि वापरकर्त्याच्या पाथमध्ये घातलं तरी 'जावा' हे नाव जुन्यालाच आधी भेटेल. मग जावासी नवं आणि जावा जुना अशी जोडी जमते, आणि 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' अशी नवीच चूक येते. 'जावा होम' हे व्हेरिएबल बदलून यातलं काही सुटत नाही. ते मेव्हन, ग्रेडल यांसारखी साधनं वाचतात, शेल वाचत नाही.

पायथन टाकल्यावर स्टोअर उघडतं ते २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून. वापरकर्त्याच्या 'विंडोजॲप्स' फोल्डरमध्ये 'पायथन' नावाच्या शून्य आकाराच्या खुणा असतात आणि ते फोल्डर पाथमध्ये असतं. खरा पायथन बसवताना 'ॲड टू पाथ'ची चौकट रिकामी राहिली, आणि ती आपोआप भरलेली नसते, तर त्या नावाचा एकमेव दावेदार ही खूण उरते. सेटिंगमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियसेस' शोधून पायथनच्या दोन्ही कळा बंद करा. पायथन डॉट ऑर्गचा पारंपरिक इन्स्टॉलर वापरला असेल तर 'पीवाय' ही छोटी कमांड बहुधा आधीच चालत असेल.

विंडोज आणि आर ही कळ दाबून उघडणारी 'रन' चौकट आणखी वेगळी. ती पाथशिवाय रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली 'ॲप पाथ्स' ही नोंदही बघते. म्हणून 'क्रोम' तिथे चालतं आणि सीएमडीत चालत नाही. स्टार्ट मेनू तर मुख्यतः शॉर्टकटची नावं बघतो. लिनक्सच्या मेनूचंही असंच. तो '.डेस्कटॉप' फाइलींमधलं 'नेम' वाचतो, म्हणून नोम या डेस्कटॉपच्या मेनूत 'फाइल्स' शोधायचं आणि टर्मिनलमध्ये मात्र 'नॉटिलस' टाकायचं. त्याच फाइलीत मराठीसाठी 'एमआर' या खुणेची वेगळी ओळ असू शकते, आणि ती असेल तर मराठी डेस्कटॉपवर मराठी नावानेही प्रोग्राम सापडतो.

यावरून नेहमी विचारलं जातं की कमांडचं नावच देवनागरीत ठेवता येईल का. लिनक्सवर खुशाल ठेवता येतं. पण शोध बाइटच्या पातळीवर चालतो, दिसण्यावर नाही. 'ॲप' हा शब्द 'ॲ' या एका अक्षराने लिहिता येतो किंवा 'अ'वर अर्धचंद्र देऊन. दिसायला सारखंच, युनिकोडमध्ये वेगळं. 'ऱ्या'मधला 'ऱ'सुद्धा एक अक्षर म्हणून किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन तुकड्यांत साठवला जातो. फोनवरून एका कीबोर्डने दिलेलं नाव लॅपटॉपवर दुसऱ्या कीबोर्डने टाकलं की 'कमांड नॉट फाउंड'. अशी नावं ठेवायची तर पहिली काही अक्षरं टाकून टॅब दाबा आणि बाकी शेलला भरू द्या.

राहिला प्रश्न 'कोणती यादी'चा. पाथ हा संगणकाचा नसतो, प्रत्येक चालू प्रक्रियेचा आपापला असतो. नवी प्रक्रिया जन्मताना पालकाची प्रत घेऊन येते आणि त्यानंतर दोघींचा संबंध तुटतो. म्हणून विंडोजमध्ये पाथ बदलल्यावर आधीच उघडलेल्या खिडकीला त्याचा पत्ता नसतो, नवी उघडावी लागते. व्हीएस कोडमधलं टर्मिनल असेल तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडावा लागतो, कारण त्या टर्मिनलचा पालक तो आहे. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या एडिटरला 'नोड' सापडत नाही आणि टर्मिनलमधून उघडलेल्याला सापडतो, तेही यामुळेच: डॉकमधल्याचा जन्म तुमच्या शेलच्या पोटी झालेला नाही.

सर्व्हरवर हेच क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, रूपात भेटतं. हाताने चालवली की चालणारी स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून चालत नाही. डेबियनवर क्रॉन आपल्या कामांना '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' एवढीच यादी देतो. तुमच्या 'बॅशआरसी' या बॅशच्या सेटिंगच्या फाइलीत काय लिहिलंय ते तो वाचत नाही. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, वरच्या ओळीत पाथ लिहा किंवा स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते द्या. प्रशासकाच्या अधिकारात कमांड चालवणारा 'सुडो'ही उबुंटूवर तुमचा पाथ बाजूला ठेवून 'सिक्युअर पाथ' ही स्वतःची यादी वापरतो, आणि तसंच हवं. डेबियन १० पासून नुसत्या 'एसयू'ने रूट, म्हणजे प्रशासक, झालात तर जुनाच पाथ सोबत येतो आणि 'ॲडयूजर'सारख्या '/यूएसआर/एसबिन'मधल्या कमांड सापडत नाहीत. 'एसयू'नंतर एक वजाचिन्ह द्या.

आता दुरुस्ती. आधी निदान करा: सीएमडीत 'व्हेअर जावा' टाका, सगळे दावेदार शोधाच्या क्रमाने छापून येतील. पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' हे दुसऱ्याच कमांडचं उपनाव आहे, तिथे 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण टाका. मग स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्न्मेंट' शोधून व्हेरिएबलची चौकट उघडा आणि सिस्टिम पाथमध्ये नव्या जेडीकेचं 'बिन' फोल्डर 'जावापाथ'च्या वर न्या. 'सेटएक्स'ने पाथ बदलण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो पाळू नका. ती कमांड १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर कापून टाकते, आणि जुना पाथ त्यात मिसळून दिला तर सिस्टिमची यादी वापरकर्त्याच्या यादीत कायमची कालवली जाते.

लॅबमधल्या लिनक्सवर रूटचे अधिकार नसतील तर स्वतःचे प्रोग्राम घरच्या फोल्डरातल्या '.लोकल/बिन'मध्ये ठेवा. पायथनची पॅकेजं बसवणारं पिप '--यूजर' लावल्यावर आपली साधनं तिथेच ठेवतं. उबुंटू आणि डेबियनची '.प्रोफाइल' हे फोल्डर पाथच्या पुढे जोडते, पण लॉगइनच्या क्षणी ते अस्तित्वात असेल तरच. आज ते पहिल्यांदा तयार केलंत तर या सत्रात तिथलं काही नावाने चालणार नाही. एकदा लॉगआउट होऊन परत या, आणि मग 'टाइप -ए' टाकून खात्री करून घ्या.